कोकणातल्या सौर शीतकरणाची निविदा लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
सार्वजनिक बांधकाम विभागाचे कोकणातील स्थापत्य व विद्युत अभियंते,
तसेच महाऊर्जेचे अधिकारी,
रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग

विषय: सौर उष्णतेवरच्या डेसिकंट शीतकरणात नियंत्रणाचा क्रम निविदेतच लिहिण्याबाबत

महोदय, महोदया,

अभ्यासिका, नाट्यगृह, ओपीडीचा प्रतीक्षाकक्ष या जागांत माणसं दाटीनं बसतात आणि बाहेरची ताजी हवा भरपूर घ्यावी लागते. किनाऱ्यावर ती हवा आत घेणं म्हणजे तिच्याबरोबर पाणी आत घेणं. अशा इमारतींसाठी सौर उष्णतेवर चालणारं डेसिकंट आणि बाष्पीभवन शीतकरण हा चांगला पर्याय आहे, असं आमचं मत आहे. डेसिकंट म्हणजे हवेतला ओलावा शोषणारा पदार्थ; तो फिरत्या चाकावर बसवतात आणि सौर उष्णतेनं पुन्हा सुकवतात. पण तो इथं चालेल की गच्चीवर गंजत पडेल, हे यंत्राच्या किमतीपेक्षा त्याच्या नियंत्रणावर ठरतं. निविदेत मात्र चाकाचा व्यास, ब्लोअरचे अश्वशक्तीचे आकडे, कलेक्टरचं क्षेत्रफळ असं सगळं असतं आणि नियंत्रणाबद्दल ‘स्वयंचलित पीएलसी पॅनेलसह’ एवढंच (पीएलसी म्हणजे यंत्रणा चालवणारा छोटा संगणक). त्या एका ओळीच्या जागी दोन पानं लिहावीत, ही आमची विनंती. त्या पानांत काय असावं ते पुढे मांडतो.

आधी हवेचा हिशोब. मे महिन्यात दुपारी बाहेर ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता धरली, तर दर किलो कोरड्या हवेत सुमारे २२ ग्रॅम वाफ असते. तिचं ओलं तापमान, म्हणजे नुसतं पाणी उडवून ती जिथपर्यंत थंड होऊ शकते ते, २८ अंशांच्या आसपास. म्हणजे नागपूर-अकोल्यात उत्तम चालणारा साधा कूलर इथं जेमतेम २९ अंशांची, पाण्यानं जवळपास भरलेली हवा फेकणार. खोलीत पंख्याखाली २७ अंश आणि १२ ग्रॅम ठेवले तर माणूस निवांत बसतो. त्यासाठी आत सोडायची हवा १० ग्रॅमच्या आसपास हवी. १२० जणांच्या अभ्यासिकेला तासाला ३,००० घनमीटर ताजी हवा दिली, तर २२ वरून १० ग्रॅमवर येण्यासाठी तासाला सुमारे ४२ लिटर पाणी हवेतून काढावं लागतं. कोकणातला उकाडा म्हणजे मुख्यतः हे पाणी.

परदेशी कॅटलॉगमधला सरळ क्रम, म्हणजे एक डेसिकंट चाक, एक उष्णता-चाक (ओलावा नाही, फक्त उष्णतेची अदलाबदल करणारं) आणि दोन्हीकडे पाण्याचे पॅड, इतका मोठा टप्पा एका दमात गाठत नाही. तो युरोपातल्या उन्हाळ्यासाठी बसवलेला आहे. इथं हवेच्या वाटेवर सर्वांत आधी एन्थाल्पी चाक हवं. बाहेर जाणाऱ्या थंड, कोरड्या हवेशी ते येणाऱ्या हवेची उष्णता आणि ओलावा या दोन्हींची अदलाबदल करतं. ७० टक्के कार्यक्षमतेचं चाक २२ ग्रॅम १५ वर आणतं, तेही उष्णता न लावता. उरलेले ५ ग्रॅम सिलिका जेलचं डेसिकंट चाक शोषतं. शोषताना हवा तापते, २९ अंशांची हवा ४७ पर्यंत जाते. मग ओल्या पॅडमधून आलेल्या बाहेरच्या हवेशी उष्णता-चाकावर गाठ घालून तिला ३२-३३ वर उतरवायचं आणि शेवटी गार पाण्याच्या कॉइलवरून, म्हणजे नळ्यांच्या जाळीवरून, २० अंशांवर. उष्णता-चाकावर तापलेली बाहेरची हवा वाया घालवायची नाही. ती ४३-४४ अंशांवर गेलेली असते, तिच्यातली निम्मी पुढे सौर उष्णतेनं ७० पर्यंत नेऊन डेसिकंट चाक सुकवायला वापरायची. त्यासाठी १३ किलोवॉटच्या आसपास उष्णता लागते. कलेक्टर दर चौरस मीटरला ३५० वॉट देतो असं धरलं, तर ४० चौरस मीटर पुरतात.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण विक्रेते ती सांगत नाहीत. ही सगळी हवा नुसत्या रेफ्रिजरेशननं थंड करायची तर ओलावा काढण्यासाठी ती १४-१५ अंशांपर्यंत न्यावी लागते आणि १३-१४ टन लागतात (एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट थंडावा). एकटं एन्थाल्पी चाक लावलं की सात-साडेसात टन. डेसिकंट आणि सौर भाग जोडला की साडेतीन. म्हणजे पहिली मोठी बचत सगळ्यांत साध्या भागातून होते. निधी एकाच गोष्टीपुरता असेल तर एन्थाल्पी चाक घ्या आणि सौर भागासाठी जोडणीची जागा राखून ठेवा. माणसांच्या आणि छताच्या उष्णतेसाठी हॉलमध्ये आणखी एखादा कॉइल लागेल, पण हवा कोरडी असल्यानं त्यावर पाणी सुटणार नाही.

आता नियंत्रण. सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे पूर्ण यंत्रणा खोलीच्या तापमानावर चालवणं. कॅटलॉगच्या क्रमात खोली तापली की कंट्रोलर आत येणाऱ्या हवेवरचा पाण्याचा फवारा सुरू करतो. कोरड्या हवामानात ते बरोबर आहे. इथं त्यानं तापमान दोन अंश उतरतं, पण ओलावा चढतो आणि अंग चिकट होतं. मग कोणीतरी थर्मोस्टॅट आणखी खाली करतं आणि कंट्रोलर फवारा आणखी वाढवतो. म्हणून आत येणाऱ्या हवेच्या वाटेवर फवारा बसवायचाच नाही, अशी अट कोकणासाठी घालावी. पॅड फक्त उष्णता-चाकाच्या दुसऱ्या अंगाला, जिथली हवा खोलीत जात नाही तिथे.

पहिला लगाम दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी सुटू लागतं त्याच्या, हातात द्यावा. आत सोडायच्या हवेचा दवबिंदू १४ अंश, म्हणजेच १० ग्रॅम, हे मुख्य लक्ष्य. त्यासाठी चाक, सौर उष्णता आणि डॅम्पर (हवेच्या झडपा) कामाला लावायचे. तापमानाचं काम कॉइलच्या व्हॉल्व्हकडे वेगळं ठेवायचं. ही दोन कामं नियंत्रणाच्या एकाच लूपमध्ये गुंफली की दोन्ही बिघडतात.

यात सेन्सर कुठे बसवला यावर फार काही अवलंबून आहे, आणि नकाशावर ही गोष्ट सहसा दिसत नाही. बाजारात मिळणारा चांगला आर्द्रता सेन्सर ३ टक्क्यांपर्यंत चुकतो. तो डेसिकंट चाकाच्या लगेच पुढे, ४७ अंशांच्या हवेत लावला, तर तिथली सापेक्ष आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असते. तिथं ३ टक्क्यांची चूक म्हणजे दोन ग्रॅमची चूक. चाक दर किलो हवेतून काढतं पाच ग्रॅम, त्यात दोन ग्रॅमचा घोळ. तोच सेन्सर कॉइलच्या पुढे, २० ते २२ अंशांच्या हवेत लावला, तर आर्द्रता ६०-६८ टक्के असते आणि तीच चूक अर्ध्या ग्रॅमवर येते. ग्रॅम तेवढेच, कारण मधल्या कोरड्या कॉइलवर पाणी ना वाढतं ना कमी होतं. जागा बदलायला खर्च शून्य, अचूकता चौपट. म्हणून निविदेत लिहा: पुरवठ्याच्या हवेचा आर्द्रता सेन्सर कॉइलनंतर, डक्टच्या सरळ भागात, कॉइलपासून किमान दोन मीटरवर. चाकाच्या पुढच्या तापमानासाठी एकच टोकदार प्रोब घेऊ नका. चाकाच्या नुकत्याच तापून आलेल्या भागातून गरम हवा येते आणि जुन्या भागातून थंड, त्यामुळे प्रोब कुठे आहे त्यावर आकडा ठरतो. डक्टभर पसरणारा सरासरी सेन्सर हवा.

खाऱ्या हवेत सेन्सरचा आकडा हळूहळू सरकतो, तेव्हा वर्षातून दोनदा तपासणी अटीत घाला. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. घट्ट झाकणाच्या बरणीत मीठ घ्यायचं, त्यावर मीठ पूर्ण विरघळणार नाही इतकंच पाणी घालून ओला लगदा करायचा, सेन्सरचं डोकं लगद्याला न टेकवता झाकणातून आत सोडायचं, बाजूची फट बंद करायची आणि बरणी सावलीत चार-पाच तास ठेवायची. २५ ते ३० अंशांना आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सेन्सर ७१ किंवा ७९ दाखवत असेल तर तेवढी दुरुस्ती पॅनेलमध्ये भरायची किंवा डोकं बदलायचं. हे काम वायरमनलाही शिकवता येतं.

दुसरी मोठी सुधारणा सुकवणाऱ्या हवेच्या सेटपॉइंटची, म्हणजे ठरवून दिलेल्या तापमानाची. बहुतेक ठिकाणी तो ७० अंशांवर कायमचा बांधलेला असतो. पण चाकाला तापमान कळत नाही, त्याला हवेची सापेक्ष आर्द्रता कळते. मेमधली २२ ग्रॅमची हवा ७० अंशांना तापवली की तिची आर्द्रता ११ टक्क्यांवर येते. डिसेंबरच्या दुपारी ३२ अंश आणि ५० टक्के धरले तर हवेत १५ ग्रॅम असतात आणि ती ६० अंशांनाच १२ टक्क्यांवर येते. मेमध्ये ७० अंशांना जे साधतं ते डिसेंबरात ६० ला साधतं. मग वर्षभर ७० कशाला? सेटपॉइंट ५५ ते ७५ च्या दरम्यान तरंगता ठेवावा आणि पुरवठ्याचा दवबिंदू १४ च्या वर जाईल तसा तो चढावा.

याचा फायदा टाकीत दिसतो. दोन हजार लिटरची टाकी ९० अंशांपर्यंत तापली आणि हवेला ७० हवे असतील, तर मधल्या हीट एक्स्चेंजरमुळे पाणी ७५-७६ च्या खाली गेलं की ते निकामी. वापरता येते ती ३५ युनिट उष्णता, म्हणजे पावणेतीन तास. सेटपॉइंट ६० वर आला की तेच पाणी ६६ पर्यंत चालतं आणि टाकी दीडपटीहून जास्त देते. नाट्यगृहाचा प्रयोग संध्याकाळी असतो, त्याला हाच फरक तारतो.

हा लूप मात्र सावकाश हवा. डेसिकंट चाक तासाला दहा-वीस फेरेच घेतं, त्यामुळे बदलाचा परिणाम दिसायला दहा-पंधरा मिनिटं जातात. कॉइलच्या व्हॉल्व्हसारखी चपळ ट्यूनिंग लावली की व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो, पूर्ण मिटतो आणि दवबिंदू दिवसभर हिंदोळत राहतो. चाकाच्या मोटरला व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारं उपकरण) घ्या आणि उष्णता उतरली की उत्पादकाच्या आलेखाप्रमाणे वेगही उतरवा. गरजेपेक्षा जोरात फिरणारं चाक सुकवणाऱ्या बाजूची उष्णता नुसती उचलून खोलीकडे आणतं.

टप्पे बदलतानाही घाई नको. थंडीत मतलई वारा असतो तेव्हा बाहेरची हवा कधी कधी आतल्यापेक्षा कोरडी असते. त्या वेळी एन्थाल्पी चाक थांबलंच पाहिजे, नाहीतर बाहेर टाकायचा ओलावा ते परत आत आणतं. ही तुलना ग्रॅमवर व्हावी, अंशांवर केली तर उलटा निर्णय होतो. बाहेर १० ग्रॅम किंवा कमी असेल तर नुसते पंखे आणि खिडक्या. त्यापुढे एन्थाल्पी चाक, मग ओल्या पॅडसह उष्णता-चाक, मग डेसिकंट. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जायला १ ग्रॅमचं अंतर आणि किमान २० मिनिटांचा मुक्काम ठेवा. जून आणि सप्टेंबरात ऊन-सावलीचा खेळ चालतो तेव्हा पायरानोमीटरच्या (ऊन मोजणाऱ्या यंत्राच्या) क्षणाक्षणाच्या आकड्यावर टप्पा बदलणारा कंट्रोलर दर ढगाला डॅम्पर हलवतो आणि मोटरी लवकर जातात. टाकीच्या माथ्याचं तापमान आणि उन्हाची १५ मिनिटांची सरासरी या दोन्हींवर निर्णय व्हावा.

पंख्यांची वीज विसरू नका. प्रत्येक चाक हवेला १५० ते २५० पास्कल अडवतं. डेसिकंट चाक बंद असतानाही सगळी हवा त्यातूनच दाबत नेली, तर बचतीचा मोठा भाग ब्लोअरच गिळतो. प्रत्येक चाकाला बायपास डॅम्पर हवा आणि ब्लोअर व्हीएफडीवर हवेत. हॉल अर्धा रिकामा असताना वेग ८० टक्क्यांवर आणला की पंख्याची वीज निम्मी होते. कार्बन डायऑक्साइडचा एक सेन्सर हे काम करतो.

आता पावसाळा. जुलैत बाहेर २८ अंश आणि ९० टक्के, म्हणजे पाणी मेइतकंच, २१-२२ ग्रॅम. ऊन मात्र एप्रिल-मेच्या निम्म्यावर आलेलं. काढायचं पाणी तेवढंच आणि सूर्य नाही, ही या पद्धतीची इथली खरी अडचण आहे. यावर सर्रास दिलं जाणारं उत्तर म्हणजे विजेचा हीटर. चाक सुकवायला तासाला १३ युनिट जाळायचे, हे आम्हाला मान्य नाही. टाकी ५५ च्या खाली आणि ऊन दर चौरस मीटरला २०० वॉटच्या खाली असेल, तर कंट्रोलरनं डेसिकंट चाक बायपास करावं, गार पाण्याचा सेटपॉइंट १५ वरून ७-८ अंशांवर आणावा आणि ओलावा कॉइलवरच काढावा. एन्थाल्पी चाक पुढे असल्यानं हे काम सात टनांच्या आसपास होतं. म्हणून चिलर (पाणी गार करणारं यंत्र) साडेसात टनांचाच घ्या आणि कॉइलखाली निचऱ्याचा ट्रे द्या. सौर भागानं चिलर लहान होत नाही, त्याचे चालण्याचे तास आणि युनिट कमी होतात. हे आधीच मान्य केलं तर जुलैत कुणाची फसगत होणार नाही. कडक उन्हाच्या दिवसांत चिलरला १५-१६ अंशांचं पाणी पुरतं आणि त्या तापमानाला तो दर युनिटमागे बराच जास्त थंडावा देतो. पाणी कधीही दवबिंदूच्या वर किमान एक अंश राहील अशी साखळी त्या कोरड्या टप्प्यात घाला.

सुरू आणि बंद करण्याचा क्रम अक्षरशः लिहून द्या. सुरू करताना आधी डॅम्पर, मग दोन्हीकडचे ब्लोअर, मग चाकाची मोटर, चाक फिरतंय असा स्विचचा संकेत आला की मगच गरम पाण्याचा व्हॉल्व्ह. बेल्ट तुटलेला असताना उष्णता सुरू झाली तर चाकाचा एकच भाग भाजतो आणि कडेचे सील जातात. बंद करताना आधी उष्णता तोडायची आणि सुकवणाऱ्या बाजूची हवा ४५ अंशांच्या खाली येईपर्यंत चाक व ब्लोअर चालू ठेवायचे. त्यानंतर बाहेरचे डॅम्पर घट्ट मिटले पाहिजेत. रात्रभर खारी, दमट हवा चाकातून फिरत राहिली की सकाळी चाक ओलं आणि पहिला तास वाया. लिथियम क्लोराइडचं चाक तर अशा हवेत उभं राहिलं की क्षार विरघळून गळतो. आम्ही किनाऱ्यावर सिलिका जेलचाच आग्रह धरू, आणि त्याच्यापुढे फिल्टर व थेंब अडवणाऱ्या पट्ट्या, कारण पाण्याचे थेंब बसले तर जेलही फुटतं. सकाळी लोक येण्याआधी अर्धा-पाऊण तास ताजी हवा बंद ठेवून आतलीच हवा फिरवून सुकवा. रात्रीत पुस्तकांनी आणि प्लास्टरनं प्यायलेला ओलावा तेवढ्यात काहीसा निघतो.

कलेक्टरच्या पंपाचा नेहमीचा नियम, टाकीच्या तळापेक्षा कलेक्टर ८ अंशांनी गरम झाला की सुरू, ३ वर आला की बंद, हा ठीक आहे, पण सेन्सर कलेक्टरच्या बाहेर पडणाऱ्या नळीतच, खोबणीत बसलेला हवा. पत्र्याला चिकटवलेला सेन्सर पत्र्याचं तापमान सांगतो. आणि वीज जाणार हे धरूनच चाला. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीत अनेक गावं दिवसेंदिवस अंधारात होती, मे २०२१ मध्ये तौक्तेनंतरही तेच. वीज नाही, पंप बंद आणि वर कडक ऊन असलं की कलेक्टरमधलं पाणी उकळतं. पंपाला छोटं सौर पॅनेल जोडून तो थेट त्यावर चालवला, तर ऊन असेल तेव्हा पंप आपोआप फिरतो. किंवा पंप थांबताच पाणी टाकीत उतरेल अशी रचना घ्या. मे महिन्यात अभ्यासिका बंद असेल तर कलेक्टरवर झाकण घालण्याचं काम कोणाचं, हेही नावानिशी ठरवा. वाऱ्यासाठीच्या आधाराचा हिशोब भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागाप्रमाणे, बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे.

पॅडच्या पाण्याबद्दल थोडक्यात. खाडीलगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. पाण्याची वाहकता मोजून ठरावीक मर्यादेपुढे टाकी आपोआप रिकामी व्हावी, आणि पॅड रोज संध्याकाळी पंखा चालू ठेवून पूर्ण सुकवावा. ओला राहिलेला पॅड शेवाळ आणि जंतू दोन्ही पोसतो. ओपीडीच्या इमारतीत यात सूट नको.

शेवटी निविदेतली देयकाची अट. चाचणी एकदाच, डिसेंबरच्या सुखद दुपारी घेतली जाते, तिच्यावरून काहीच कळत नाही. तीन चाचण्या ठेवा: एक थंडीत, एक मेच्या दुपारी, एक जुलैच्या झडीत, आणि रकमेचा शेवटचा भाग तिसरीनंतरच द्या. मे महिन्याच्या चाचणीत डेसिकंट चाकानं खोलीकडच्या हवेतून काढलेलं पाणी आणि सुकवणाऱ्या हवेनं उचललेलं पाणी यांचा ताळा १० टक्क्यांच्या आत जुळला पाहिजे. जुळला नाही तर सील गळतंय किंवा सेन्सर खोटं बोलतोय. दर पाच मिनिटांची नोंद किमान दोन वर्षं साठावी आणि ती विभागाच्या मालकीची असावी. पीएलसीचा प्रोग्राम आणि पासवर्ड हस्तांतराच्या दिवशी विभागाच्या हाती यावेत, नाहीतर एक सेटपॉइंट बदलायला पुणे-मुंबईहून माणूस येण्याची वाट पाहावी लागते. आणि सगळा क्रम मराठीत छापून पॅनेलच्या दारावर आतून लावावा.

नियंत्रणाच्या या क्रमाचा मसुदा, सेन्सरांच्या जागांचा नकाशा आणि चाचणीचे तक्ते आम्ही विनामूल्य तयार करून देऊ. येत्या अंदाजपत्रकात एखाद्या तालुक्याची अभ्यासिका किंवा ओपीडी यासाठी निवडावी आणि मसुद्यावर चर्चेसाठी आपल्या विद्युत शाखेनं आम्हाला वेळ द्यावी, ही विनंती.

आपले,
वातानुकूलन आणि सौर उष्णतेच्या कामातले कोकणातील काही अभियंते व तंत्रज्ञ